वाईट पानांचा डाव

पत्त्यांच्या बाबतीत माझं नशीब मोठं एकनिष्ठ आहे. लहानपणापासून ते कधी फिरलं म्हणून नाही. झब्बूत शेवटचं गाठोडं माझ्या हातात. मेंढीकोटात कोट माझ्यावर. पाच-तीन-दोनमध्ये पाच हात करायची पाळी माझ्यावर आली, की हातात हुकमाचं एकच पान, आणि तेही सत्ती. रमीत तर माझी तेरा पानं एका चाळीतल्या तेरा बिऱ्हाडांसारखी एकमेकांशी अबोला धरून बसतात. पुढे बी.कॉम. होऊन मी बँकेत चिकटलो आणि गेली बावीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजतो आहे. म्हणजे तिथेही पानं माझ्या हातात आणि डाव लोकांचा!

अशा माणसाला कोणी सांगितलं, की ज्याची पानं सगळ्यांत वाईट तो जिंकतो असा एक खेळ जगात आहे, तर त्याला काय वाटेल? मला वाटलं, अखेर देवाने माझा अर्ज वाचला.

सांगणारा आमचा मेहुणा. तो कॅलिफोर्नियात सॅन होजेला संगणकाचं काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला तीनदा समजावलं आहे आणि मी तिन्ही वेळा समजल्यासारखी मान हलवली आहे. गेल्या दिवाळीत तो भाऊबिजेला आला. ओवाळणी झाली, जेवणं झाली आणि सोसायटीची वीज गेली. मेणबत्तीच्या उजेडात त्याने खिशातून पत्त्यांचा जोड काढला आणि म्हणाला, "भावोजी, लोबॉल शिकवतो तुम्हाला. दोघांतसुद्धा मस्त रंगतो."

खेळ सोपा आहे. बूट टाकायचा, म्हणजे सुरुवातीचे पैसे मध्ये ठेवायचे. प्रत्येकी पाच पानं. एकदा चाल, मग नको असलेली पानं टाकून तितकीच नवी घ्यायची, पुन्हा चाल आणि शेवटी शो. इथपर्यंत साधा बदलीचा पोकर. फक्त निकाल उलटा. राजा-राणीला कुणी विचारत नाही आणि जोडी लागली तर कपाळाला हात लावायचा. कॅलिफोर्नियाच्या पद्धतीत एक्का सर्वांत लहान. एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी हा सर्वोत्तम हात. दुसऱ्या एका पद्धतीत एक्का मोठा धरतात आणि क्रम लागला किंवा पाचही पानं एका रंगाची आली तर ते उलट नडतं. तिथे सात-पाच-चार-तीन-दोन ही भिन्न रंगांची पानं म्हणजे स्वर्ग. आपल्याकडे तीनपत्तीत 'मुफलिस' खेळतात त्याचाच हा थोरला चुलतभाऊ. मुफलिस म्हणजे कंगाल. दिवाळीत दिवाळखोरांचा डाव मांडायची कल्पना ज्या कुणाला सुचली, तो नक्की पगारदार असला पाहिजे.

मेहुण्याने इतिहासही सांगितला. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने १८८५ साली 'स्टड-हॉर्स पोकर' नावाच्या खेळावर नाव घेऊन बंदी घातली, पण बदलीच्या पोकरचं नाव घालायचं राहिलं. १९११ साली तिथल्या सरकारी महाअधिवक्त्याने मत दिलं, की नाव नाही म्हणजे बंदी नाही. या फटीतून १९३६ पासून लॉस एंजेलिसजवळच्या गार्डिना गावात पत्त्यांचे क्लब उघडले आणि पुढे पन्नासएक वर्षं तिथे बदलीचा पोकर आणि लोबॉल बिनघोर चालला. १९८७ साली होल्डेम नावाच्या खेळाला वाट मोकळी झाली आणि लोबॉलची टेबलं हळूहळू ओस पडली. आपला मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, म्हणजे त्या बंदीनंतर दोनच वर्षांनी. दोन टोकांच्या दोन सरकारांना एकाच सुमारास माणसाच्या हातातल्या पत्त्यांची काळजी वाटली होती.

मी बँकेतला माणूस, कायदा मानणारा. म्हणून पैशांऐवजी चिवड्यातले काजू लावायचे ठरले.

"आता नीट ऐका," मेहुणा म्हणाला. "सात-आठजण असले की चांगल्या पानांची वाट बघायची, कारण सातातल्या कुणाकडे तरी ती असतातच. दोघांत तसं नाही. समोरच्याचा हातही तुमच्याइतकाच रद्दी असतो. वाट बघत बसलात तर नुसता बूट भरूनच दिवाळं निघेल. दोघांत मध्यम पानांवरही उतरावं लागतं."

मला हे लगेच पटलं. मध्यम पानांवर उतरणं यालाच आमच्याकडे संसार म्हणतात.

"दुसरं, पानं शेवटी बदलणाऱ्याचा फायदा मोठा. पत्ते वाटणारा शेवटी बदलतो. समोरचा किती पानं घेतो ते त्याला आधी दिसतं. आणि समोरच्याबद्दलची उघडी माहिती काय ती तेवढीच. समजा तुमच्याकडे दश्शीचा हात आहे, म्हणजे सर्वांत मोठं पान दश्शी. समोरच्याने एक पान बदललं तर तुम्ही हलायचं नाही. त्याने एकही बदललं नाही, तर त्याच्याकडे बहुधा तुमच्याहून चांगलं काही आहे. दश्शी मोडायची आणि नवं पान घ्यायचं."

इथे माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा झाला. मी विजेच्या बिलाच्या पाठीवर आकडेमोड मांडली. एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी धरून राजा टाकला, तर न पाहिलेली पानं सत्तेचाळीस. त्यांत पंजीपासून अठ्ठीपर्यंत सोळा; म्हणजे अठ्ठी किंवा त्याहून चांगला हात तिनात एकदा. जोडी लावून घात करणारी पानं बारा. म्हणजे चारांत एकदा सत्यानाश. दश्शीपर्यंत धरलं तर चोवीस, म्हणजे जवळपास निम्मी. तेव्हा दश्शी घेऊन बसलेला आणि एक पान बदलणारा साधारण बरोबरीत. नव्वी घेऊन बसलेला थोडा वरचढ. हिशेब जुळला की मला जो आनंद होतो तो झाला.

"आणि तिसरं," मेहुणा म्हणाला, "खोटं बोलणं."

माझी पेन्सिल थांबली.

"एकही पान न बदलता ठामपणे बसायचं, हातात भले सगळी रद्दी असो. समोरच्याला वाटतं, याचा हात जुळलेला आला. याला 'स्नो' म्हणतात."

आमच्या लहानपणी स्नो एकच, अफगाण स्नो. आईच्या फळीवर डबी असायची. लग्नाला जाताना ती तोंडाला लावायची म्हणजे तोंड उजळ दिसायचं. म्हणजे अर्थ तोच. पानं काळी, तोंड गोरं.

"पण हे फसवणंच की रे."

"फसवणं नाही, गणित आहे. फॉन नॉयमन म्हणून मोठा गणिती होता, जन्माने बुडापेस्टचा. त्याने १९२८ साली अशा खेळांवर निबंध लिहिला, १९४४ साली मॉर्गेनस्टर्न नावाच्या अर्थशास्त्रज्ञाबरोबर मोठं पुस्तक. दोघांच्या पोकरचा साधा नमुना मांडून त्याने दाखवलं, की थाप मारायचीच तर सगळ्यांत वाईट हातावर मारावी. उत्तम हातावर चाल करावी, टाकाऊ हातावर कधीकधी करावी आणि मधल्या हातावर गप्प बसावं. मधल्या हाताला शोमध्ये आपली आशा असते; टाकाऊला थापेवाचून दुसरी आशाच नसते."

"कधीकधी म्हणजे किती?"

"मध्ये जितके काजू तितक्याच काजूंची चाल असेल, तर तीन चालींत दोन खऱ्या, एक खोटी. आणि समोरच्याने निम्म्या वेळा शो मागावा. त्याने कधीच नाही मागितला, तर तुम्ही त्याला रोज लुटाल. नेहमी मागितला, तर तुमच्या प्रत्येक खऱ्या हातावर तो पैसे मोजेल."

मेहुणा दुसऱ्या दिवशी पुण्याला मित्रांकडे गेला आणि पत्त्यांचा जोड आमच्याकडे ठेवून गेला. माझ्या डोक्यात मात्र तो 'तिनात एक' ठेवून गेला. बँकेत मी काउंटरवर बसून विचार करत होतो. जो माणूस तीनदा बोलतो आणि त्यातलं एक खोटं असतं, त्याला आपण काय म्हणतो? आणि जो नेमाने, हिशेबाने, गणिताच्या आधारावर तसं करतो, त्याला काय म्हणायचं?

मग मला 'चॅलेंज' आठवला. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं आणि आई खेळायचो. पानं पालथी टाकायची आणि 'तीन एक्के' म्हणून ठोकून द्यायचं. संशय आला तर समोरच्याने 'चॅलेंज' म्हणायचं. डब्यातली साखर खाऊन 'मी नाही' म्हणालो तर हीच आई कान पिळायची. पण दुपारी चटईवर बसली, की दोन दुर्र्या आणि एक सत्ती टाकून 'तीन एक्के' असं म्हणायची, की ऐकणाऱ्याला आरतीची आठवण व्हावी. आम्हाला त्यात कधी विसंगती वाटली नाही. कारण चटईवर बसताना सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असे, की आता आपण एकमेकांना फसवणार आहोत. फसण्याची तयारी ठेवून जो बसला, त्याला फसवण्यात पाप नाही. साखरेच्या डब्याने अशी संमती दिलेली नव्हती.

धर्मराजाचंही मला वेगळं कोडं वाटायला लागलं. द्यूतात सगळं हरलेल्या त्या सत्यवचनी माणसाला वनवासात बृहदश्व ऋषींनी नलराजाची कथा सांगितली आणि फाशांची विद्या दिली. पुढे अज्ञातवासाचं वर्ष त्याने विराटाच्या दरबारी कंक या नावाने काढलं. काम काय, तर राजाबरोबर फासे खेळणं! विराटाने विचारलं तेव्हा सांगितलं, की मी युधिष्ठिराचा मित्र. वर्षभर एकही पान न बदलता माणूस ठामपणे बसून होता. तरी त्याचा रथ म्हणे जमिनीपासून चार अंगुळं वरून चालायचा. तो जमिनीला टेकला अश्वत्थाम्याच्या प्रसंगी. मला वाटतं, फरक साधा आहे. कंकाच्या खोट्याची किंमत कंकानेच भरली. राजा असून दुसऱ्याच्या दारी चाकरी केली. अश्वत्थाम्याच्या खोट्याची किंमत द्रोणांनी भरली. खोटं कोण बोललं यापेक्षा त्याचं बिल कुणाच्या नावाने फाटलं, हे बघायला हवं.

एवढं तत्त्वज्ञान जमल्यावर मी रात्री घरी डाव मांडला. समोर आमची सौभाग्यवती. मेहुण्याने तिलाही खेळ शिकवला होता, पण तिने आकडेमोड केली नव्हती. मला तिची कीवच आली.

तासाभरात माझ्यापुढे सात काजू उरले आणि तिच्यापुढे वाटीभर. आणि मग तो डाव आला. पानं मी वाटली, म्हणजे शेवटी बदलायचा मान माझा. माझा हात दश्शीचा. आता पान कोणी किती घेतंय बघू म्हटलं. तिने पाचही पानं नीट जुळवली, पालथी ठेवली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मला नको एकही."

गणित काय सांगतं? समोरचा हलला नाही तर दश्शी मोडा. मोडली. आली राणी. तिने दोन काजू पुढे सरकवले. मी पॅक म्हणालो आणि न राहवून तिची पानं उलटली. दोन राजे, दोन राण्या, एक गुलाम. अख्खा दरबार! लोबॉलमध्ये याहून दरिद्री हात शोधून सापडला नसता.

"अगं, तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही तुझ्या!"

"बावीस वर्षं महिनाअखेर कोण सांभाळतंय?" ती काजू मोजत म्हणाली.

मी हसलो. मग हसायचा थांबलो. मला २०११ साल आठवलं.

त्या वर्षी आमच्या या जागेचा ताबा मिळायचा होता. मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीचे पैसे, सगळं धरून चाळीस हजार कमी पडत होते. मी दोन रात्री छताकडे बघत काढल्या. तिसऱ्या दिवशी तिने माझ्यापुढे पैसे ठेवले. "भिशीचे आहेत," म्हणाली. पदर सारखा केला.

आता भिशीत बायका बारा आणि हप्ता पाचशे. बारा पंचे साठ. भिशी सहा हजारांची. बी.कॉम.ला मला अकाउंटन्सीत बासष्ट गुण होते. चौतीस हजारांचा फरक माझ्या नजरेतून सुटेल असं ज्याला वाटेल त्याने आमचं विद्यापीठ बंद करावं. पण सुटला. मी तो सोडला. पुढे एका लग्नात तिच्या हातात पाटल्या दिसल्या नाहीत. "जड होतात हो, लॉकरात ठेवल्यात," म्हणाली. लॉकर आमच्याच शाखेत. त्याचं रजिस्टर माझ्याच टेबलावर. त्यात तिची सही वर्षभरात एकदाही नव्हती. त्याच सुमाराला तिने रिक्षा सोडली आणि स्टेशनपासून चालत यायला लागली. "गुडघ्यांना चांगलं असतं," म्हणाली. मी म्हणालो, "हो, चालावं माणसानं." अकरा महिन्यांनी पाटल्या परत हातात आल्या. मी काही विचारलं नाही.

इतकी वर्षं या गप्प बसण्याचं मला मनातून कौतुक होतं. बायकोची झाकली मूठ मी उघडली नाही, तिचा मान राखला, असा माझा स्वतःबद्दलचा समज होता. कुणी संसारावर दोन शब्द बोलायला सांगितले असते तर हा प्रसंग नाव न घेता सांगितलाही असता. पण त्या रात्री, हातात पडेल राणी धरून, मला दुसराच हिशेब दिसला. शो मागायला पैसे लागतात. पाटल्या कुठे आहेत हे मी विचारलं असतं, तर त्या सोडवायची जबाबदारी माझ्यावर आली असती. निदान व्याजाचा वाटा, निदान स्टेशनवरची रिक्षा. माझ्याकडे तेवढे नव्हते, आणि नाहीत हे कबूल करायची तयारीही नव्हती. म्हणून मी पॅक केलं आणि त्याला समजूतदारपणा असं नाव ठेवलं. तिच्या खोट्याचं बिल तिनेच भरलं होतं, पायी चालून. माझ्या गप्प बसण्याचं बिलसुद्धा तिनेच भरलं. आणि मी मात्र दोन दिवस काउंटरवर बसून धर्मराजाचा रथ मोजत होतो!

पुढचा डाव तिने वाटला. मी पानं उचललीच नाहीत. उरलेले पाचही काजू मध्ये ठेवले.

"हे कशाचे?" तिने विचारलं. "अजून चाल कुठे झाली?"

"शो मागतोय," मी म्हणालो. "दोन हजार अकराचा. त्या पाटल्या कुठे ठेवल्या होत्यास?"

तिच्या तोंडावरची रेष तेव्हाही हलली नाही. मेणबत्ती नव्हती, चांगली ट्यूबलाइट होती, मी नीट बघत होतो.

"दुसऱ्या बँकेत," ती म्हणाली. "तुमच्या बँकेत ठेवल्या असत्या तर अर्जावर तुमचाच शिक्का पडला असता."

"मला माहीत होतं. म्हणजे कुठे ते नाही, पण..."

"तुम्हाला माहीत होतं हे मला माहीत होतं. लॉकरचं रजिस्टर तुमच्या टेबलावर असतं, हे काय मला ठाऊक नव्हतं? म्हणून तर लॉकर म्हणाले. बँक म्हणाले असते, आईकडे दिल्यात म्हणाले असते. मुद्दाम लॉकर म्हणाले."

"मुद्दाम?"

"म्हटलं, आता तरी विचाराल."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं गणितात काही नव्हतं. चौदा वर्षं मी समजत होतो, की तिची थाप मी ओळखली आणि उदारपणे सोडून दिली. ती थाप नव्हतीच. तिने पानं माझ्यापुढे उघडी टाकली होती आणि मी ती बघायला तयार नव्हतो. मेहुणा म्हणाला होता, जो कधीच शो मागत नाही त्याला समोरचा रोज लुटतो. हे दोघांच्या पोकरचं झालं. दोघांच्या घरात मात्र शो न मागणाराच समोरच्याला लुटत असतो, आणि समोरचा वाट बघत बसतो.

"रिक्षाचं?" मी विचारलं. "गुडघ्याला चांगलं असतं म्हणालीस ते?"

"त्यानंच तर दुखायला लागला," ती म्हणाली. "उजवा."

मग तिने माझे पाच काजू उचलले, जरा विचार केला आणि त्यातले दोन माझ्यापुढे परत ठेवले.

"हे कशाचे?"

"व्याज," ती म्हणाली. "पानं उचला आता. बूट टाका."

मी पानं उचलली. दोन राजे, गुलाम, नव्वी आणि दुर्री. मी म्हणालो, "मला नको एकही." तिने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच शो मागितला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे नाना फराळाला आले. चिवडा खाताना दोनदा बशी हलवून बघितली आणि म्हणाले, "यंदा काजू घातलेले दिसत नाहीत वहिनींनी."

"घातले होते," मी म्हणालो. "सगळे तिच्याकडे आहेत."